पॉलिशचे यंत्र : चकाकी हवी, पण जिवावर बेतू नये

अक्षय्य तृतीया उलटली की पेण तालुक्यातील गणपतीच्या कारखान्यांत कामाची घाई सुरू होते. तसे काम वर्षभर चालते, पण हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या भागांत चैत्र-वैशाखापासून श्रावणापर्यंत कारागिरांना जेवायलाही फुरसत नसते. याच दिवसांत घरोघरी दुरुस्त्या निघतात. पावसाआधी फरशी, गणपतीआधी दारे-खिडक्या आणि देव्हारा. तिकडे रोह्याला धाटावच्या औद्योगिक वसाहतीच्या आधाराने जगणारी फॅब्रिकेशनची लहान वर्कशॉप आहेत. तिथे ग्रिल, पाइप, टाक्या घासण्याचे काम बारमाही.

या सगळ्या ठिकाणी एक वस्तू हटकून दिसते. ती म्हणजे विजेवर चालणारे, हातात धरून वापरायचे घासण्याचे व पॉलिशचे यंत्र. कोणी त्याला ग्राइंडर म्हणतो, कोणी बफ, कोणी सँडर, तर कोणी नुसतेच ‘मशीन’. पूर्वी ते मोजक्या मिस्त्र्यांकडे असे. आता दोन-तीन हजार रुपयांत मिळते, त्यामुळे हौस म्हणून घरातही आले आहे. यंत्र आले, पण ते वापरण्याची रीत त्याच्या खोक्यातल्या चिठ्ठीतच राहिली, आणि ती चिठ्ठी कोणी वाचत नाही.

पेण व रोहे या दोन्ही गावांतील रुग्ण मी अनेक वर्षे पाहतो आहे. या यंत्रामुळे दवाखान्यात येणाऱ्या तक्रारींचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार एका क्षणात घडणारा: डोळ्यात कण जाणे, बोट कापणे, शॉक लागणे. दुसरा दहा-पंधरा वर्षांनी उघडकीस येणारा: दम लागणे, कमी ऐकू येणे, हाताला मुंग्या येणे. पहिल्या प्रकारात माणूस घाबरून धावत येतो. दुसऱ्यात तो येतच नाही, आणि येतो तेव्हा आमच्या हातात फारसे काही उरलेले नसते. म्हणून आज या विषयावर थोडे सविस्तर लिहितो आहे.

यंत्राचा वेग समजून घ्या

बाजारात मिळणाऱ्या चार इंची लहान ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेते. हिशेब केला तर चकतीच्या कडेवरचा एखादा बिंदू मिनिटाला साडेतीन किलोमीटर, म्हणजेच तासाला दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असतो. त्या कडेवरून सुटलेला कण किंवा तुटलेल्या चकतीचा तुकडा जवळपास त्याच वेगाने उडतो. माणसाची पापणी चटकन मिटते हे खरे, पण या वेगापुढे ती काहीच करू शकत नाही. ‘कण आला तर डोळे मिटीन’ हा विचार त्यामुळे मनातून काढून टाकावा.

प्रत्येक चकतीवर ती जास्तीत जास्त किती वेगाने फिरवावी, हा आकडा छापलेला असतो. यंत्रावरही त्याचा वेग लिहिलेला असतो. चकतीचा आकडा यंत्राच्या आकड्यापेक्षा मोठा किंवा निदान तितका हवा. मोठी चकती बसावी म्हणून यंत्राचे लोखंडी गार्ड काढून टाकण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. मोठ्या चकतीच्या कडेचा वेग आणखी वाढतो आणि आड येणारे गार्डही राहत नाही. अशा वेळी चकती फुटली तर तुकडे थेट तोंडावर, गळ्यावर येतात. तडा गेलेली, ओल लागलेली, हातातून पडलेली चकती वापरू नये. नवी चकती लावल्यावर यंत्र अंगापासून दूर धरून अर्धा-एक मिनिट मोकळे फिरवावे, आणि त्या वेळी समोर कोणाला उभे राहू देऊ नये.

लाकूड कापायची दातेरी पाती ग्राइंडरला लावणे हा तर जिवाशी खेळ आहे. पाते लाकडात अडकले की यंत्र उसळी घेऊन उलट अंगावर येते. मांडीला आणि मनगटाला झालेल्या ज्या खोल जखमा मी पाहिल्या, त्यांतल्या कित्येक याच कारणाने झालेल्या होत्या.

दिसणारी धूळ आणि न दिसणारी धूळ

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पॉलिश म्हणजे पृष्ठभाग घासून त्याचा अगदी पातळ थर काढणे. तो थर नाहीसा होत नाही, त्याची धूळ होते आणि ती हवेत जाते.

आपल्या नाकातील केस आणि श्वासनलिकेतील ओलसर अस्तर मोठे कण अडवते. काळा-पांढरा शेंबूड येतो, शिंका येतात, घसा खवखवतो, ते या झटापटीमुळेच. पण माणसाच्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन धरली, तर पाच मायक्रॉनपेक्षा लहान कण हे सर्व पहारे चुकवून फुप्फुसाच्या अगदी आतल्या फुग्यांपर्यंत पोचतात. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत. यंत्र बंद केल्यावर दिसणारी धूळ खाली बसते, पण ही बारीक धूळ बंद खोलीत कित्येक तास तरंगत राहते. काम संपले म्हणून मास्क काढून तिथेच डबा उघडून बसणारा कारागीर नेमकी हीच धूळ आत घेत असतो.

धूळ कोणत्या पदार्थाची, यावर पुढचे अवलंबून असते. सर्वांत वाईट ती सिलिकेची, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या स्फटिकांची. ग्रॅनाइटमध्ये ती भरपूर असते. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी जो कृत्रिम ‘क्वार्ट्झ’चा दगड निघाला आहे, त्यात तर नव्वद टक्क्यांपर्यंत सिलिका असते. या कृत्रिम दगडाचे काम करणारे तरुण कामगार फुप्फुसाच्या आजाराने पडू लागले, म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याच्यावर बंदीच घातली. संगमरवर मूळचा चुन्याचा दगड असल्याने त्यात सिलिका थोडी. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडातही मोकळी सिलिका तुलनेने कमी. पण सिमेंट-काँक्रीट आणि मोझॅइकची फरशी घासताना त्यातील वाळूमुळे सिलिका बाहेर पडतेच.

सिलिकेचा कण फुप्फुसात गेला की शरीरातील सफाई करणाऱ्या पेशी त्याला गिळतात. एरवी गिळलेला कचरा त्या बाहेर नेतात. पण इथे कण त्या पेशीलाच मारतो, मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळते. हे चक्र थांबत नाही. प्रत्येक वेळी थोडी सूज, थोडा व्रण. भाजल्यावर कातडीवर जसा कडक वण राहतो, तसे वण फुप्फुसभर होत जातात. यालाच सिलिकोसिस म्हणतात. साधारणपणे दहा किंवा अधिक वर्षांनी तो उघड होतो. धूळ फार असेल तर काही वर्षांतही होतो. आणि काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. हा आजार बरा करणारे औषध नाही. तो टाळता मात्र नक्की येतो.

गुजरातमधील खंबात हे गाव अकीक दगडाच्या मण्यांसाठी शेकडो वर्षे प्रसिद्ध आहे. तिथे घराघरांत विजेवर फिरणाऱ्या एमरीच्या चाकावर अकीक घासून त्याला चकाकी आणतात. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. त्या कारागिरांना तर सिलिकोसिस झालाच, पण हातात कधी दगड न धरलेल्या घरच्या माणसांना आणि शेजाऱ्यांनाही त्याची बाधा झाल्याचे डॉक्टरांना आढळले. घर आणि कारखाना एकाच छपराखाली असला की असे होते. आपल्याकडेही अनेक कारखाने ओटीवर किंवा मागच्या पडवीतच आहेत, म्हणून हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

गणपतीच्या कारखान्यात

प्लास्टर की शाडू हा वाद आपल्या भागात नवा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. पुढे प्रकरण न्यायालयात गेले, आणि जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती बनवण्यास मुभा देताना नैसर्गिक पाण्यातील विसर्जनाचा प्रश्न वेगळा ठेवला. तो वाद जाणकारांवर सोडू. डॉक्टर म्हणून मला कारागिराच्या छातीची काळजी आहे, आणि छातीला दोन्ही धुळी नकोशाच आहेत.

प्लास्टर ऑफ पॅरिस हे जिप्समपासून बनते. त्याच्या धुळीने नाक चोंदते, डोळे चुरचुरतात, हाताची कातडी फुटते, आणि दम्याच्या रोग्याला धाप लागते. पण सिलिकेइतकी ती घातक नाही. शाडूची माती मात्र ‘नैसर्गिक’ आहे म्हणून निर्धोक समजू नये. कोणत्याही मातीत बारीक वाळूचा काही अंश असतोच. सुकलेली मूर्ती कोरडी घासली की तो हवेत उडतो. कुंभारकाम आणि चिनी मातीच्या धंद्यात सिलिकोसिस जगभर आढळला आहे.

मूर्ती घासण्याचे नाजूक काम बव्हंशी हातानेच, पॉलिश पेपरने होते. यंत्र लागते ते साचे, पाट, चौथरे, मोठ्या मूर्तींचे सपाट भाग यांना. यंत्राने काम दहापट लवकर होते, पण तेवढ्याच वेळात धूळही कितीतरी अधिक उडते. म्हणून यंत्राचे काम वेगळे काढावे. उघड्या अंगणात किंवा वारा पलीकडे जाईल अशा टोकाला ते करावे आणि रंगकाम करणाऱ्या बायका, मुले यांच्यापासून दूर ठेवावे. सुट्टीत मुले कारखान्यात बसतात, हात लावतात, आणि त्यातूनच कला पुढच्या पिढीत जाते हे मला मान्य आहे. त्यांना डोळ्यांची आखणी शिकवा, माती मळायला शिकवा. पण धुळीच्या खोलीत त्यांना बसवू नका. त्यांची फुप्फुसे अजून वाढत आहेत.

धुळीला पाणी आणि मास्क

धूळ रोखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय पाणी. दगड, फरशी, ओटा हे ओले करूनच घासावेत. त्यासाठी पाण्याची सोय असलेली यंत्रे मिळतात. साधा ग्राइंडर पाण्यात वापरण्यासाठी नसतो, हे मात्र विसरू नये. त्याचे कारण पुढे विजेच्या भागात येईल. जिथे पाणी चालत नाही, तिथे धूळ ओढून घेणारी पिशवी किंवा व्हॅक्यूम यंत्राला जोडावा. कामानंतर कोरड्या झाडूने झाडू नये. पाणी शिंपडून किंवा ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

तोंडाला रुमाल किंवा टॉवेल बांधल्याने मोठी धूळ थांबते, बारीक थांबत नाही. दवाखान्यातला निळा, पातळ मास्कही यासाठी नाही. कोरोनाच्या काळात सर्वांना माहीत झालेला एन-९५ मास्क हा यासाठी योग्य. मुळात असे मास्क धुळीच्या कारखान्यांसाठीच तयार झाले. तो नाकावर दाबून, कडेने हवा येणार नाही असा बसला पाहिजे. दाढी वाढलेली असेल तर तो नीट बसत नाही. श्वास घ्यायला जड वाटू लागला, ओला झाला किंवा आतून मळला की बदलावा. तो धुऊन वापरू नये.

कामाचे कपडे कामावरच ठेवावेत. ते घरच्या कपड्यांत धुवायला टाकले तर झटकणारी बायको किंवा आई ती धूळ घेते.

जुने रंग आणि लाकूड

जुन्या वाड्यांचे दरवाजे, गज, पाळणे यांचा रंग यंत्राने घासून काढताना आणखी एक धोका असतो. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असे. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीचा रंग असेल तर तो शिशाचा आहे असे समजूनच वागावे. शिशाची धूळ रांगणाऱ्या मुलाच्या हातातून पोटात जाते आणि त्याच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते. असा रंग ओला करून, हाताने खरवडून काढावा आणि ते काम चालू असताना लहान मुले व गर्भवती स्त्री यांना दुसरीकडे ठेवावे.

सागवान, शिसव यांच्या धुळीने काही सुतारांना खाज, नाक गळणे, दमा होतो. वर्षानुवर्षे कठीण लाकडाची धूळ घेतल्यास नाकाच्या पोकळीतील कर्करोगाचाही धोका वाढतो. सुताराचे एकाच बाजूचे नाक सतत चोंदत असेल किंवा रक्त येत असेल तर ते सर्दी म्हणून सोडू नये.

पॉलिशचे स्पिरिट, थिनर हे पेट घेणारे द्रव. ग्राइंडरच्या ठिणग्या कित्येक फूट उडतात. त्यामुळे एकाच खोलीत एकीकडे थिनर आणि दुसरीकडे ग्राइंडर चालवू नये. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेटू शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्याच्या बादलीत टाकावीत.

डोळ्यात कण गेला तर

डोळा चोळू नये. चोळल्याने कण बुबुळावर रुततो. स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पापण्या उघड-मीट कराव्यात. प्लास्टर, चुना किंवा सिमेंट गेले असेल तर निदान पंधरा-वीस मिनिटे धुवावे, मगच डॉक्टरकडे निघावे. तूप, दूध, मध असे काही घालू नये. काडीने, रुमालाच्या टोकाने किंवा सुईने कण काढणारे ‘हुशार’ लोक प्रत्येक वर्कशॉपमध्ये असतात. त्यांच्या हाती डोळा देऊ नये. लोखंडाचा कण बुबुळात राहिला तर एक-दोन दिवसांत त्याभोवती गंज चढतो आणि मागे डाग उरतो.

सर्वांत फसवा प्रकार असा की, वेगाने आलेला बारीक कण डोळ्याच्या आत शिरतो आणि दुखतही नाही. फक्त नजर थोडी धूसर वाटते. हातोडी किंवा ग्राइंडरचे काम करताना डोळ्याला ‘टच’ झाल्यासारखे वाटून नंतर कमी दिसू लागले, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवावे. बुबुळाला जखम दिसत असेल तर पाणी मारू नये, दाबून पट्टी बांधू नये. कागदी पेल्यासारखे काहीतरी वरून झाकून न्यावे.

गॉगल बाजूनेही बंद असलेला हवा. नंबरचा चष्मा किंवा उन्हाचा गॉगल पुरेसा नाही. शे-दीडशे रुपयांचा गॉगल आणि एक डोळा यांच्या किमतीची तुलना करण्याची गरज नाही.

वीज आणि कोकणचा पाऊस

गणपतीआधीची घाई आणि कोकणचा पाऊस एकाच वेळी येतात. जमीन ओली, हात घामेजलेले, हवेत दमटपणा. इथे थोडे गणित समजून घ्या. कोरड्या कातडीतून वीज सहज जात नाही, कारण तिचा विरोध बराच असतो. तीच कातडी ओली झाली की विरोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. २३० व्होल्टला अशा शरीरातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. दहा-पंधरा मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आखडून यंत्र सोडता येत नाही. शंभरच्या आसपास हृदयाची लय बिघडून माणूस जागीच जाऊ शकतो.

पुष्कळांना वाटते, फ्यूज आहे म्हणजे आपण सुरक्षित आहोत. पाच अँपिअरचा फ्यूज म्हणजे पाच हजार मिलिअँपिअर. माणूस मरायला त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकी वीज पुरते. फ्यूज हा वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नव्हे. माणसासाठी असते ते आर.सी.सी.बी. नावाचे उपकरण. ३० मिलिअँपिअर इतकी वीज गळली तरी ते क्षणार्धात प्रवाह तोडते. प्रत्येक कारखान्यात वायरमनकडून ते बसवून घ्यावे, आणि त्यावरचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

बाकी गोष्टी साध्या आहेत. लोखंडी अंगाच्या यंत्राला तीन पिनांचा प्लग आणि खरे अर्थिंग हवे. उघड्या वायरी काडीने होल्डरमध्ये खुपसू नयेत. चिकटपट्टीने जोडलेली वायर ओल्या जमिनीवर पसरू नये. अनवाणी काम करू नये. चकती बदलताना नुसते बटण नव्हे, प्लगच काढावा.

कोणाला शॉक लागून तो यंत्राला चिकटला असेल तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या बांबूने किंवा लाकडाने त्याला वायरपासून दूर करा. तो शुद्धीवर नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ ला फोन करायला एकाला सांगा आणि तुम्ही छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने, निदान दोन इंच खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका. कांदा हुंगवण्यात, तोंडावर पाणी मारण्यात वेळ घालवू नका. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यावे, कारण बाहेरून लहान दिसणारा भाजलेला डाग आत खोल असतो. हृदयाची पट्टी काढून घ्यावी. लघवी काळपट लाल होऊ लागली तर ताबडतोब सांगावे.

पदर, ओढणी, हातमोजे

फिरणारे चाक सैल वस्तू ओढते. पदर, ओढणी, सैल बाही, गळ्यातला गमछा, मोकळे केस, हातातला गंडा, सगळेच. पदर खोचून वर ॲप्रन, केस बांधलेले, अंगठी काढलेली, अशा तयारीने बसावे. सैल सुती हातमोजे फिरत्या बफला अडकतात आणि बोट सोबत जाते. स्थिर बसवलेल्या बफच्या चाकावर हातमोजे नकोत. हातात धरायच्या ग्राइंडरला घट्ट बसणारे चामड्याचे चालतात.

बोट तुटलेच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरावा. हळद, कॉफी भरू नये. तुटलेला तुकडा ओलसर स्वच्छ कापडात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. तुकडा थेट बर्फाला लावू नये. सहा तासांच्या आत मोठ्या रुग्णालयात पोचल्यास तो पुन्हा जोडता येण्याची आशा असते. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नये.

रोज तासन् तास थरथरते यंत्र धरल्याने बोटांना मुंग्या येतात, रात्री हात बधिर होऊन जाग येते, वस्तू हातातून निसटतात. दर अर्ध्या तासाने हाताला विश्रांती द्यावी आणि यंत्र फार घट्ट आवळू नये. आवाजाचेही तसेच. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर तो आवाज कानाला घातक आहे. कापसाचा बोळा उपयोगाचा नाही. फोमचे इयर प्लग वापरावेत. एकदा गेलेले ऐकू येणे परत येत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*गूळ खाल्ला की छातीतली धूळ निघून जाते, हे खरे का?* गुळाने घशाला बरे वाटते. पण गूळ पोटात जातो, धूळ फुप्फुसात असते. या समजुतीपायी मास्क न वापरणे म्हणजे स्वतःची फसवणूक.

*खोकला पंधरा दिवस झाला, धुळीचाच असेल ना?* दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडक्याची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी रुग्णालयात मोफत होते. सिलिकेच्या धुळीत काम करणाऱ्याला क्षयाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. उलट, कित्येकदा सिलिकोसिसलाच क्षय समजून औषधे दिली जातात. म्हणून डॉक्टरला आपला धंदा आवर्जून सांगा. ‘मजुरी करतो’ एवढे सांगू नका. ‘ग्रॅनाइट घासतो, आठ वर्षे झाली’ असे सांगा. निदानाच्या वाटेवर हे एक वाक्य अर्धे काम करते.

*मी बिडी ओढतो, पण मास्क लावतो. चालेल?* धूळ आणि धूर मिळून फुप्फुसाची झीज फार लवकर होते. बिडी सोडणे हा मास्काइतकाच उपाय आहे.

*डोळा लाल झाला तर मेडिकलमधून थेंब आणावेत का?* नाही. त्यातील काही थेंबांत स्टिरॉइड असते. बुबुळावर जखम असताना ते घातले तर जंतू किंवा बुरशी माजून डोळा जाऊ शकतो.

कारखानदारांना विनंती

सिलिकोसिस हा १९४८ च्या कारखाना कायद्यापासून सरकारला कळवण्याच्या आजारांच्या यादीत होता. पण चार-सहा माणसांच्या कारखान्यापर्यंत असले कायदे क्वचितच पोचतात. तिथे कायदा म्हणजे मालकाची माया. मास्क, गॉगल, आर.सी.सी.बी. यांचा खर्च हंगामातल्या दोन-चार मोठ्या मूर्तींच्या किंवा एखाद्या ओट्याच्या कमाईतून निघतो. धुळीत काम करणाऱ्या प्रत्येकाचा कामाच्या सुरुवातीला आणि नंतर वर्षा-दोन वर्षांनी छातीचा एक्स-रे व श्वासाची तपासणी करून घ्यावी. ज्याला दमा आहे, पूर्वी क्षय झाला आहे, त्याला धुळीच्या कामावर न बसवता रंगाकडे, मोजमापाकडे, हिशेबाकडे द्यावे. त्याची नोकरी जाऊ नये, जागा बदलावी. आजार लपवण्याची वेळ आली की माणूस अखेरपर्यंत लपवतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

कारागिराची खरी भांडवले तीन: नजर, हात आणि दम. यंत्र बिघडले तर नवे मिळते. या तिन्हींचे सुटे भाग मिळत नाहीत. या हंगामात यंत्राचे बटण दाबण्याआधी गॉगल, मास्क, प्लग आणि पायाखालची जमीन, एवढ्या चार गोष्टी पाहण्याची सवय लावून घ्यावी. त्याला अर्धा मिनिटही लागत नाही.